एम.एस्सी. करून परत लेबर रूममध्येच?

एम.एस्सी. नर्सिंग केलंस, तेही ओबीजी, म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोगाचं, मग कॉलेजात लेक्चरर व्हायचं सोडून परत लेबर रूममध्ये नाइट का करतेस, असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगते. पगार वाढला नाही. एक रुपयाही नाही. झालं समाधान?

सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, गाइडच्या केबिनबाहेर ताटकळणं, ते सोडा. माझा विषय होता, बाळंतपणात घरची बाई जवळ असली तर कळा सोसायला फरक पडतो का. हे तर माझी आजीपण सांगेल, मीच गाइडना म्हणाले होते. पण सरकारी दवाखान्यांत स्वतः बाळंत झालेली बाई सोबतीला चालेल असं केंद्राने २०१६ लाच सांगितलंय, डब्ल्यूएचओने २०१८ ला, आणि आमच्याकडे नातेवाईक दाराबाहेरच. आजीचं म्हणणं साहेबांच्या टेबलावर ठेवता येत नाही ना.

आधी कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या बायका. त्यांचं नेहमीसारखंच सगळं, आई बाहेर. त्यात एक पहिलटकरीण होती, 'आईला बोलवा' म्हणून ओरडत होती आणि आई दारापलीकडून 'इथंच आहे गं' म्हणत होती, सगळं ऐकू येत होतं. तिची कंबर चोळायला माझा हात गेला आणि मी तो मागे घेतला, कारण मी चोळली की ते 'नेहमीसारखं' राहत नाही, ड्युटीवरच्या सिस्टरला तेवढी सवड कुठे असते. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही नुसतं लिहायलाच आलाय का? मी दहा लिहिले.

मी तिथे नसते तरी तिची आई बाहेरच असती. खरंय हे. तेव्हा मी स्वतःला सांगायचे, हिच्यामुळे पुढच्यांच्या आया आत येतील. आल्या का? फरक दिसला, थीसिस बाइंड होऊन लायब्ररीत गेला. इकडे म्हणतात एका खोलीत बाळंतपणाची इतकी टेबलं, मध्ये पडदे नाहीत, दुसऱ्या बाईची लाज कशी राखायची? हेही खोटं नाही.

लेक्चरर झाले तर पोरींना कंट्रोल ग्रुप शिकवावा लागेल, आणि शिकवायलाच हवा, त्याशिवाय कोण ऐकणार आपलं. पण रात्री गर्दी नसली की मी एखादीची आई गुपचूप आत घेते, ते रिसर्चवालीला जमत नव्हतं. पुढे कॉलेजात जाईनही कदाचित, आत्ता विचारू नका.

पडद्यांसाठी अर्ज टाकलाय, मागे थीसिसच्या रिझल्टची झेरॉक्स जोडून. मेट्रन म्हणाल्या, बजेट आल्यावर बघू.