सभामंडपात चालणारा लॅपटॉप निवडताना

गोव्यातल्या देवळांमधल्या कावीकामावर, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर तांबड्या रंगात कोरलेल्या चित्रांवर, मी गावोगावी सचित्र व्याख्यानं देतो. पेडणे, डिचोली, सत्तरी असे तालुके, आणि जागा बहुतेक वेळा देवळाचा सभामंडप किंवा वाचनालयाची खोली. प्रोजेक्टर सगळीकडे मिळत नाही. मिळाला तरी उघड्या मंडपात दिवसाउजेडी पडद्यावर काही दिसत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की तोही बंद. मग मंडळी लॅपटॉपभोवतीच दाटीवाटीनं बसतात. म्हणून जुना लॅपटॉप बदलायची वेळ आली तेव्हा मोठी स्क्रीन आणि टिकाऊ बॅटरी या दोन गोष्टी मी पक्क्या धरल्या. बाकी सगळं नंतर.

बॅटरीच्या बाबतीत 'अठरा तास', 'वीस तास' हे जाहिरातीतले आकडे मी विचारातच घेतले नाहीत. ते बहुधा ब्राइटनेस बराच कमी ठेवून, व्हिडिओ चालवून काढलेले असतात. आपल्याला तर मंडपात ब्राइटनेस पूर्ण लागतो. त्यापेक्षा बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये किती, ते पाहावं. 70 वॅट-अवरची बॅटरी आणि लॅपटॉप सरासरी 10 वॅट खात असेल तर सात तास. 14 वॅट खाल्ले तर पाचच. इतका साधा भागाकार आहे. स्क्रीन जितकी मोठी तितकं तिचं खाणं जास्त, त्यामुळे 16 इंची लॅपटॉपात 45-50 वॅट-अवरची बॅटरी दिसली की मी पुढचं वाचतच नव्हतो. तसंच प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एच' किंवा 'एचएक्स' असेल तर तो जास्त ताकदीचा आणि जास्त वीज खाणारा. स्लाइड्स आणि फोटो दाखवायला कमी वीज खाणारी 'यू' मालिका भरपूर होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड तर नकोच.

खरा वेळ गेला तो स्क्रीन निवडण्यात. कावीत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेला तांबडा थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून काढतात, म्हणजे खालचा पांढरा चुना उघडा पडून चित्र उमटतं. तो तांबडा रंग नीट दिसला नाही तर व्याख्यानाला अर्थच उरत नाही. म्हणून मोरजीच्या मोरजाई देवळातले माझे फोटो पेनड्राइव्हवर घेऊनच दुकानात गेलो आणि एकच फोटो शेजारशेजारच्या लॅपटॉपांवर उघडला. स्वस्तातल्या एका स्क्रीनवर कावेचा रंग चक्क विटकरी-करडा दिसला. माहितीपत्रकात '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलं होतं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची मापं. '100 टक्के एसआरजीबी' लिहिलेल्या शेजारच्या स्क्रीनवर तोच रंग भिंतीवर दिसतो तसा उठून आला.

दुकानातल्या मुलानं मग ओएलईडी स्क्रीनचा लॅपटॉप पुढे केला. "काका, ह्याचे रंग बघा." रंग सुरेखच होते, नाही म्हणत नाही. पण ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे पांढरा भाग जास्त तितकी वीज जास्त. माझ्या फोटोत अर्धी भिंत चुन्याची! शिवाय ती काच चकचकीत. दाराकडे तोंड करून ठेवली तर फोटोऐवजी बाहेरचा रस्ताच दिसत होता. तेव्हा मी 400 निट्सची (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), चकाकी नसलेली आयपीएस स्क्रीन (मागून उजेड देणाऱ्या एलसीडीचा एक प्रकार) पक्की केली. 250-300 निट्स घरात पुरतात, मंडपात नाही.

आकाराचं एक सांगतो. 15.6 इंची 16:9 आणि 16 इंची 16:10 (हे रुंदी आणि उंचीचं प्रमाण) या दोन्हींची रुंदी जवळपास सारखीच असते. फरक उंचीत पडतो, पाऊण इंचाहून थोडा जास्त. पण स्लाइड्स 16:9 मध्ये बनवल्या असतील तर ती वाढीव उंची वर-खाली काळ्या पट्ट्यांत वाया जाते. मी सगळ्या स्लाइड्स 16:10 करून घेतल्या. सभागृहांत आढळणारे 1280 बाय 800 चे प्रोजेक्टरही त्याच प्रमाणाचे असतात, म्हणजे तिथंही काम सोपं होतं.

प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआयचं पोर्ट लॅपटॉपातच हवं, याचा आग्रह धरा. जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा (जुन्या पद्धतीच्या जोडणीचा) अडॅप्टर लागतोच, तो पिशवीत ठेवा. चार्जिंग यूएसबी-सीवरून होणारं असेल तर पॉवर बँकचा आधार मिळतो, मात्र ती 65 वॅट देणारी हवी. मोबाइलची चालत नाही. आणि घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. गावाकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

चवथीच्या सवलतीत लॅपटॉप घेतला. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता जुळते का ते पाहिलं. मग ब्राइटनेस पूर्ण, वाय-फाय बंद, आणि फोटो आपोआप बदलत ठेवून तो बंद पडेपर्यंत चालवला. सहा तासांच्या आसपास टिकला. एका व्याख्यानाला आणि नंतरच्या प्रश्नोत्तरांना एवढं पुष्कळ आहे. एरवी घरी चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग ठेवली आहे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तेवढी काढतो.