भंगारातले पोलाद आणि बाणाचे पाते

बाणाचे पाते चांगले निघणार की नाही, हे भट्टी पेटण्यापूर्वी भंगाराच्या ढिगापाशीच ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे. घडण, धार, पाणी देणे (म्हणजे तापलेले पोलाद बुडवून कठीण करणे) या गोष्टी सरावाने जमतात. परंतु ज्या तुकड्यात पुरेसा कार्बनच नाही, त्याला कितीही कुशल लोहार कठीण करू शकत नाही. साताऱ्याची औद्योगिक वसाहत आणि कराडपर्यंतच्या महामार्गालगतची गॅरेजे यांमुळे आपल्याकडे भंगाराला तोटा नाही. तोटा आहे तो भंगार ओळखणाऱ्या डोळ्यांचा.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी घडवतो ती पाती शिकारीच्या घाटाची असली, तरी त्यांनी शिकार केली जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कोणतेही शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. कोयना आणि चांदोलीचे जंगल ज्यांच्या घरामागेच आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ऊस तुडवणाऱ्या रानडुकरांचा त्रास खरा असला, तरी त्यासाठी वनखात्याकडे जावे लागते, तिरकमठ्याकडे नव्हे. माझे बाण शेतातल्या मातीच्या बांधात जातात, कारण धनुर्विद्येच्या मैदानावरही अशी पाती चालत नाहीत. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत शेरेवाडीच्या अदिती स्वामी हिने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवल्यापासून साताऱ्यात धनुष्यबाणाविषयी मोठी उत्सुकता निर्माण झाली आहे. पण त्या खेळातील बाणांना गोळीसारखे गुळगुळीत टोक असते. रुंद पाते लक्ष्याचा फोम चिरून काढते.

आता भंगाराकडे वळू. सर्वांत आधी हाती लागते ती बांधकामाची सळई, आणि ती सर्वांत निरुपयोगी. तिच्यात कार्बन साधारणपणे ०.३ टक्क्यांच्या आत असतो. तापवून तेलात बुडवली तरी ती धार टिकवण्याइतकी कठीण होत नाही. याच्या उलट टोकाला बीड, म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या यंत्रांची चाके आणि पाइपांचे जोड बिडाचे असतात. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून अधिक असल्याने हातोड्याखाली त्याचे तुकडे होतात. आपल्याला हवे ते या दोहोंच्या मधले. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कार्बन सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणूनच रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी कोयते आणि विळे त्याचेच करतात. बाणासाठी मात्र तो पाटा फार जाड पडतो. तो मिलिमीटरभर होईपर्यंत ठोकत बसणे म्हणजे कोळशाचीही नासाडी आणि खांद्याचीही. जुनी कानस उत्तम, तिच्यात कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. परंतु तिचे दाते घासून सपाट केल्याशिवाय ती भट्टीत घालू नये, कारण त्या खाचांतूनच पुढे तडे जातात.

माझी पसंती आरागिरणीच्या पट्टा-करवतीला आहे. झिजून किंवा तुटून बाद झालेला हा पट्टा साधारण मिलिमीटरभर जाडीचा असतो, मुळातच लवचिक आणि पुरेसा कठीण असतो, आणि वखारवाला तो भंगाराच्याच भावाने देतो. तो कापताना गरम होऊ दिला नाही, तर भट्टी पेटवण्याची गरजच उरत नाही. ग्राइंडरने कापताना जिथे निळा रंग चढतो, तिथले पाणी उतरलेले असते, म्हणजे पोलाद मऊ पडलेले असते, एवढे ध्यानात ठेवून तो काठ घासून टाकावा.

ओळख पटवण्याचे दोन उपाय आहेत. ग्राइंडरवर धरल्यास सळईच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या मध्येच फुटून त्यांना फाटे फुटतात, तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर राहतात. दुसरा उपाय एका घिसाडी मामांनी सांगितला. तुकडा दोरीला टांगून त्यावर हातोडी मारत ते म्हणाले, “पाटा असंल तर टणकन वाजंल, सळई मुकीच राहती.” ठिणगीची परीक्षा अधिक भरवशाची, हे खरे, पण बाजारात उभे राहून निवड करताना हा कानाचा उपायही पुष्कळ कामाचा आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी मात्र फुकट मिळाली तरी भट्टीत घालू नये. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

टाकाऊ धातूपासून बाण करण्याची ही कल्पना काही हौशी लोकांची नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूळ रहिवासी पिंपांना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या छिन्नीने कापून पाती करत. आपल्या अंदमानातले उदाहरण तर अधिक विलक्षण आहे: १९८१ मध्ये उत्तर सेंटिनेल बेटाजवळ ‘प्रिमरोझ’ नावाचे मालवाहू जहाज खडकाळ उथळ भागात अडकले आणि तिथल्या सेंटिनेली लोकांनी त्याचे लोखंड आपल्या हत्यारांसाठी वापरले. त्यांच्याकडे भट्टी नाही. ते लोखंड थंडच ठोकून आणि घासून आकाराला आणतात. पट्टा-करवतीचा माझा मार्ग तत्त्वतः तोच आहे.

ज्यांना भट्टीच हवी, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक लाल होताच ते कोमट शेंगतेलात किंवा सोयाबीन तेलात सरळ उभे बुडवावे. कोयत्याला पाण्याचा हौद चालतो, पण इतके पातळ पाते पाण्यात वाकते किंवा तडकते. वापरलेले इंजिन ऑइल टाळावे, त्याचा धूर छातीला चांगला नाही. बाहेर काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते घासून चकचकीत करावे आणि पुन्हा मंद आचेवर रंग चढेपर्यंत तापवावे. फिकट पिवळा रंग सुमारे २२५ अंशांना येतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. विळ्याला पिवळा शोभतो. बाणाचे पाते मात्र दगडावर आपटण्याची शक्यता असते, म्हणून मी जांभळ्यापर्यंत जाऊ देतो. धार थोडी लवकर बोथटली तरी हरकत नाही, तुकडा उडता कामा नये.

आकाराच्या बाबतीत लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवण्याचा जुना प्रघात मला पटतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारीच्या पात्याची किमान रुंदी सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर ठरवलेली आहे, कारण बाण आघाताने नव्हे तर कापून, रक्तस्राव घडवून मारतो. मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्यातून ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद त्रिकोण कापला, तर पोलादाची घनता ७.८५ धरून तो सुमारे ७.४ ग्रॅम भरतो. त्यात बाणात रोवायची शेपटी मिळवली आणि धार काढताना जाणारा भाग वजा केला, की वजन ८.१ ग्रॅमच्या, म्हणजे तिरंदाजांच्या भाषेत १२५ ग्रेनच्या आसपास येते. सर्व पाती एकाच वजनाची असावीत, नाहीतर प्रत्येक बाण आपापल्या उंचीवर जाऊन लागतो. यासाठी किराणा दुकानाचा काटा उपयोगाचा नाही. सोनाराकडचा काटा हवा.

शेवटचे काम पाते बसवण्याचे, आणि घाई नेमकी इथेच होते. बांबूच्या काडीचे टोक चिरून शेपटी आत सरकवावी, वितळलेली राळ भरावी आणि वरून मेण लावलेल्या सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळावे. रुंद पाते हवेत पुढच्या पंखासारखे वागते. ते तिरके असेल तर मागची पिसे बाणाला सरळ ठेवू शकत नाहीत, म्हणून पिसेही लक्ष्यवेधी बाणापेक्षा मोठी घ्यावी लागतात. पाते लाकडाच्या फळीवर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवावा. काडी आणि पाते यांच्या सांध्यापाशी थरथर दिसली, तर ज्योतीवर दुरूनच राळ मऊ करावी आणि पाते पुन्हा बसवावे. एपॉक्सीने चिकटवलेल्या पात्याला ही सोय नसते. ते सोडवण्याइतकी आच देताना काडी करपण्याचा धोका असतो.