सरांचा ओळंबा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहावे असे मनात होते. पण लिहायला बसलो की आपले चित्रकलेचे सरच समोर येऊन उभे राहतात, आणि त्यांना बाजूला सारून दुसरे काही लिहिणे मला जमत नाही. आज नृत्यशिल्पे घडवणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि त्याचा आरंभ आठवीच्या घारापुरीच्या सहलीत झाला.

मुख्य लेण्यात शिरताच सगळी मुले त्रिमूर्तीकडे धावली. सरांनी मला मात्र उत्तरेच्या प्रवेशद्वाराशी, उजव्या हाताच्या नटराजापुढे बसवले, हातात कोळसा दिला आणि सांगितले, "रेषा काढायची नाही. फक्त सावली काढ." सुमारे अकरा फूट उंचीच्या त्या शिल्पातील शिवाचे पाय तुटलेले आहेत, हातही बरेचसे गेलेले आहेत. मी भुवयांखालचा, काखेतला, कमरेच्या वळणातला काळोख भरत गेलो. कागदावर ना बोटे होती ना पावले, तरी ती आकृती नाचत होती. जेवणानंतर सरांनी मला पुन्हा तिथेच नेले. उत्तरेचा उजेड त्या मूर्तीवर समोरून न येता बाजूने येतो. दुपारी तो मंदावल्यावर छातीखालची सावली पसरली होती आणि सकाळी पुढे आलेला खांदा आता मागे वळल्यासारखा भासत होता. मग सरांनी दोऱ्याला खडूचा तुकडा बांधून ओळंबा केला, तो डोळ्यांसमोर धरून गळ्याच्या खळगीपासून खाली नेला आणि म्हणाले, "शरीराचा भार कुठे उतरतो ते आधी शोध, नाच मग सापडेल." या साऱ्यात धक्क्यावरची लाँच आमच्यासाठी खोळंबली. बोलणी सरांनी ऐकून घेतली; मला त्यांनी एका शब्दाने दुखावले नाही.

तो ओळंबा मी अजून वापरतो. भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, दोन्ही पावलांवर सारखा भार असल्यामुळे तो टाचांच्या मधोमध उतरतो, कथकच्या चक्करीत सारा तोल एका टाचेभोवती फिरतो. आर्मेचरची, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्याची, सळई वाकवण्यापूर्वीच हे ठरवावे लागते, नाहीतर पुढे शाडू कितीही लिंपली तरी नर्तकी उभीच राहते, नाचत नाही. मातीकाम करताना मी स्टुडिओतले इतर दिवे मालवून एकच दिवा बाजूला ठेवतो आणि वस्त्राच्या चुण्या जरा जास्तच खोल घेतो, कारण ब्राँझला झळाळी आली की उथळ खोदकाम त्या चमकेत हरवून जाते.

गेल्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा चित्रकलेच्या वर्गाची उत्तरेकडची मोठी खिडकी बुजवलेली दिसली. तिथे आता संगणक आहेत. संगणक हवेतच, पण दिवसभर फारसा न बदलणारा तो शांत उजेड मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार, या विचाराने मला फार वाईट वाटले.

महोत्सवानिमित्त मी शाळेला चक्करी घेणारी एक ब्राँझची नर्तकी देणार आहे. ती जिन्यातल्या पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवावी आणि तिच्या डोक्यावर ट्यूबलाइट लावू नये, एवढी माझी विनंती आहे.