इकडं काही नाही रे

सोमवार, ६ एप्रिल

दुपारचे दोन. पोरं आत्ता कुठं झोपली. मला झोप येईना, म्हणून वही काढली.

कालपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "इकडं काही नाही रे." मीच बोलले ते, पाच-सहा वर्षांच्या पोराला, तोंडभर हसून.

मार्थामावशींनी पाडव्यालाच सांगून ठेवलं होतं, इस्टरला पोरांना घेऊन यायचं, चर्चच्या आवारात अंडी शोधायचा खेळ आहे. उपासना झाल्यावर, उन्हं चढायच्या आत. आदल्या रात्री मावशींनी दोन ट्रे उकडले होते, म्हणजे साठ अंडी. कांद्याच्या सालींत, वर चमचाभर व्हिनेगर. बॉयलरची पांढरीच घ्यायची म्हणे, गावरानवर रंग उठत नाही. विटकरी लाल रंग, कुठं फिका, कुठं गडद, आणि साल चिकटून बसली तिथं बारीक शिरा उमटलेल्या. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, अंडं म्हणजे बंद कबर, असं मावशींनी पोरांना सांगितलं. शंभूचं वेगळंच, "मग ससा अंडी कसा घालतो?" सगळे हसले, उत्तर कुणाकडंच नव्हतं.

पहिलं अंडं शंभूलाच सापडलं, जास्वंदीच्या बुडात. सापडल्या सापडल्या दोन्ही हात वर करून ओरडला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" डोंगरावरनं येऊन तीन-चारच दिवस झालेत, कानामागचा गुलाल अजून निघाला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र म्हणाल्या, "असू दे की. तुमचा जोतिबा चैत्री पुनवंचा, आमचा इस्टर पुनवंनंतरच्या रविवारचा. चंद्र काय दोन हाईत व्हय?"

तर चिऊ. सगळी पोरं कुंड्या उलट्यापालट्या करत पळत होती आणि ही आपली टोपली डोक्यावर घालून मुंग्या बघत उभी. टोपली रिकामी. पाडव्याला वन्सं जे बोलल्या ते तेव्हाच आठवलं, नेमकं. जाऊ दे ते.

पाण्याच्या मीटरच्या पेटीमागं एक अंडं मला दिसलं. निळ्या शर्टातलं एक पोरगं तिकडंच येत होतं. मी दोन पावलं पुढं झाले, पदर सावरल्यासारखं केलं आणि पेटीसमोर उभी राहिले. ते म्हणालं, "काकी, सरका की जरा." आणि मी म्हणाले, "इकडं काही नाही रे." गेलं बिचारं. खरं मानून गेलं, ते जास्त लागलं. मग मी चिऊला हाक मारून बोट दाखवलं.

मी काय करू पण? दोघांना आवरायचं, रिक्षानं न्यायचं, आणायचं, सगळं एकटीनं. ह्यांना रविवार म्हणजे झोपेचा वार. दुसऱ्यांच्या पोरांमागं आई, बाप, मामा, आज्जी, आणि चिऊमागं फक्त मी. एवढं एक तरी तिच्या टोपलीत पडावं असं वाटलं तर त्यात काय... असं रात्री अकरापर्यंत स्वतःला समजावत होते. पटलं नाही. दुसऱ्या कुठल्या बाईनं हेच केलं असतं, तर घरी येऊन मीच तिची नक्कल करून दाखवली असती.

आणि कहर पुढंच आहे. खेळ संपल्यावर मावशींनी सगळ्यांच्या टोपल्या एका घमेल्यात रिकाम्या केल्या. वीस पोरं, प्रत्येकाला तीन-तीन. निळ्या शर्टालाही तीन. म्हणजे मी एवढं पाप केलं ते कशासाठी, तर घमेल्यात भर घालायला! रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातनं बघत होता.

शंभूच्या तिन्हींचा काल रात्रीच रस्सा झाला, चटणी जरा जास्तच पडली. चिऊनं दोन दिली. तिसरं देईना. मीटरमागचं तेच ते, असं तिचं म्हणणं. तिनं ते घरात कुठंतरी लपवलंय आणि आता कुठं ते तिलाही आठवत नाही. उकडलेलं अंडं, असल्या उन्हात, त्यात सोमवार, आईंचा उपवास. सकाळपासून चपलांचं कपाट, पिठाचा डबा, शिलाई मशीनचा खण, सगळं हुंगून झालं.

मघाशी पलंगाखाली डोकं घालून बसले होते, तर मागनं आईंचा आवाज आला, "काय शोधालीस गं?"

म्हटलं, "काही नाही ओ."

देवघराचा खालचा कप्पा तेवढा राहिलाय. त्या झोपल्या की बघते.