सावंतवाडीचा गोल मासा

पावसाळा संपता संपता बाबांना घेऊन सावंतवाडीला जाऊन आले. कशाला गेलीस असं सगळ्यांनी विचारलं, कारण गोवा एवढं जवळ असताना लोक तिथे उतरत नाहीत, पुढे जातात. मला गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाच्या, पत्त्यांचे फोटो काढायचे होते. तेवढ्यासाठीच गेले.

फोटोंचं आधी सांगते. पूर्वी मी कुठूनही आले की सातशे-आठशे फोटो असायचे आणि त्यातले निम्मे परत कधी उघडलेसुद्धा जायचे नाहीत. मग मेणवलीला गेले होते तेव्हा नाना फडणवीसांचा वाडा वगैरे पाहून घाटावर उतरले आणि तिथे देवळातली ती प्रचंड घंटा दिसली, चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्यानंतर तिकडून आणलेली, आणि मी त्या घंटेपाशीच दोन तास काढले. नंतर खास नाशिकला जाऊन नारोशंकराची घंटा पाहिली, तिच्यावर १७२१ साल आहे. तेव्हापासून ठरवलं की एका ट्रिपला एकच विषय घ्यायचा. बाकी दिसेल ते डोळ्यांनी बघायचं.

तर गंजिफा. रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली, दुसऱ्या दिवशी दुपारी सावंतवाडी रोड. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. मोती तलावाच्या काठाने रिक्षा आली आणि समोर जांभ्या दगडाचा राजवाडा, पावसाने धुतलेला जांभा जो काही लाल दिसतो ना, त्याचासुद्धा फोटो काढला नाही मी! (बाबांनी काढला.)

राजवाड्यात कारागीर बसून पत्ते रंगवतात. ही कला इथे जवळजवळ संपलीच होती, जुने चितारी थकलेले, नवीन कोणी शिकत नव्हतं. १९७० च्या आसपास सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं, राणीसाहेब स्वतः एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकल्या आणि मग राजवाड्यातच काम सुरू केलं. २०१८ मध्ये त्या गेल्या. आज तिथे जे ब्रश चालताना दिसतात ते त्यांच्यामुळे, आणि मला वाटतं राजवाडा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला पाहिजे, झुंबरं आणि तलवारी नंतर.

बाबा पत्त्यांचे शौकीन, त्यांनी लगेच हिशोब काढला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, म्हणजे बारा, एकूण १२० पत्ते, आणि सगळे गोल. मुघल गंजिफा असते तिचे ९६. बाबरानेसुद्धा कोणाला तरी सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींमध्ये आहे, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षं तरी हा खेळ इकडे आहे, आणि मधेच कुठेतरी आपल्या लोकांनी त्यात मत्स्य, कूर्म, वराह बसवून टाकले. बाबांना सगळ्यात आवडलं ते हे की दिवसा खेळायचं तर पहिली उतारी रामवाल्याची आणि रात्री खेळायचं तर कृष्णवाल्याची. आणि पाच रंगांमध्ये दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांमध्ये एक्का मोठा. "हे लक्षात ठेवून खेळायचे म्हणजे काय डोकी असतील," असं दिवसभरात चार वेळा म्हणाले.

मी ज्या ताईंच्या शेजारी बसले त्या मत्स्याचे पत्ते करत होत्या. फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, "काढा मगे, पण माझो उजेड अडवू नकात हां." मग मी खिडकीच्या उलट बाजूला जाऊन बसले आणि जवळजवळ अर्धा तास कॅमेरा मांडीवरच होता, कारण हात बघण्यातच वेळ गेला. कडेची रेघ काढताना ब्रश हलतच नाही. ब्रशवाला हात पाटावर टेकवलेला, अगदी स्थिर, आणि डाव्या हाताच्या बोटांनी पत्ता हळूहळू फिरवायचा, पूर्ण गोल झाला की रेघ आपली आपल्याला येऊन मिळते. मी चित्रकलेच्या तासाला कायम हात फिरवत राहिले आणि कागद धरून ठेवला! मासे तर एकेक दोन फटकाऱ्यांत, पाठ एक, पोट एक, मग शेपटी, आणि डोळा अगदी शेवटी, सगळ्या माशांचे डोळे एकदम.

फोटो काढायला लागले तेव्हा कळलं हे सोपं नाहीये. पत्त्यावर लाखेची चकाकी असते, खिडकी जशीच्या तशी त्यात दिसते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावला, चकाकी गेली, पण पत्ता एकदम मेल्यासारखा झाला, छापील कागद वाटायला लागला. लाखेचं काम आहे तर ते चमकणारच ना. मग फिल्टर काढून ठेवला आणि थोडी थोडी सरकत राहिले, शेवटी खिडकीचा एक पांढरा तुकडा बरोबर वरच्या माशावर आला आणि तो मासा ओला दिसायला लागला. तोच एक फोटो ठेवलाय. बाकीचे चाळीसेक आहेत, ठीक आहेत.

संध्याकाळी चितारआळीत गेलो, लाकडी फळं, भातुकली, पाट, रंगीत नुसतं. बाबांनी नातीसाठी भातुकली घेतली. मी गंजिफाचा पूर्ण संच नाही घेतला, हाताने रंगवलेले १२० पत्ते आहेत, किंमत तशी असणारच आणि असायलाच पाहिजे, पण माझ्या बजेटात नव्हतं. एक छोटी वस्तू घेतली मासे रंगवलेली.

घरी आल्यावर डब्याच्या झाकणाने पुठ्ठ्यावर गोल काढून कापले आणि रोज रात्री जेवणं झाली की एक पत्ता करते. हात टेकवून, पत्ता फिरवून. रेघ अजून जुळत नाही, शेवटी दोन टोकांमध्ये जरा पायरी राहतेच. मासे सात झालेत. डोळे अजून कोणाचेच काढले नाहीत, दहा झाले की एकदम काढणार आहे.