आठवीनंतर कुठे?

मुंबईत पहिलीच्या प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातील काही पालकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम मी करते. त्या निमित्ताने होणाऱ्या बोलण्यात एक गोष्ट दरवर्षी ध्यानात येते. ज्यांचे मूल अजून धड सहा वर्षांचेही झालेले नाही, ते आईवडील नववीची चिंता करत असतात. महापालिकेची शाळा चालण्याच्या अंतरावर आहे, तिथे वह्या, दप्तर, गणवेश, बूट यांसह सत्तावीस वस्तू विनामूल्य मिळतात आणि दुपारचे जेवणही मिळते, हे त्यांना ठाऊक असते. शिक्षकांबद्दलही त्यांची फारशी तक्रार नसते. पण "ताई, ती शाळा आठवीपर्यंतच आहे ना?" हा प्रश्न आला की पुढचे बोलणे खासगी शाळांकडे वळते.

महापालिकेच्या शाळा ओस पडतात त्या इंग्रजीच्या ओढीमुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्यात निम्मेच कारण येते. उरलेले निम्मे शाळेच्या पाटीवरच असते, कारण शाळा कितवीपर्यंत आहे ते तिथे लिहिलेले असते. मुंबईत महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फार थोड्या आहेत, आणि हे कोणाच्या नजरचुकीने झालेले नसून कायद्याच्या रचनेतून झालेले आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिलेली आहेत, आणि प्राथमिक शिक्षणासाठी शाळा चालवणे हे त्यांपैकी एक आहे. माध्यमिक शिक्षण मात्र ऐच्छिक कामांत मोडते. रस्ते, पाणी आणि कचरा यांवर ज्या संस्थेचा कस लागतो, ती ऐच्छिक काम किती उत्साहाने करील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

आठवीची, म्हणजे चौदाव्या वर्षाची, ही रेघ केवळ महापालिकेने आखलेली नाही. वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ही मर्यादा मूळ संविधानाच्या अनुच्छेद ४५ मध्येच होती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आला आणि शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, तेव्हाही वयोगट सहा ते चौदा असाच राहिला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीच मर्यादा स्वीकारली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते अठरा या वयोगटाची भाषा करते, परंतु धोरणातील वाक्य दाखवून शाळेच्या दारात प्रवेश मागता येत नाही. त्यासाठी कायदाच लागतो, आणि कायदा अजून आठवीपाशीच थांबलेला आहे.

पूर्वी ही रेघ एवढी बोचत नसे, कारण पुढची वाट ठरलेली असे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील मुले सातवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत शिकत आणि आठवीला जवळच्या अनुदानित हायस्कुलात दाखल होत. चौथीपर्यंत प्राथमिक, सातवीपर्यंत उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक अशी राज्याची विभागणी असल्यामुळे हा सांधा नैसर्गिक होता. हायस्कुलांना आठवीच्या नव्या तुकड्या भरायच्याच असत. शिक्षण हक्क कायद्याशी मेळ घालण्यासाठी २०१३ मध्ये राज्याने पाचवी प्राथमिकला आणि आठवी उच्च प्राथमिकला जोडण्याचे धोरण घेतले. कागदावर हे सुसंगत होते. प्रत्यक्षात सातवीपर्यंतच्या अनेक शाळांना आठवीचा वर्ग मिळाला, आणि शाळा बदलण्याची वेळ एका वर्षाने पुढे सरकून नववीवर आली. नववी ही शाळा बदलण्यासाठी सर्वांत गैरसोयीची इयत्ता आहे. हायस्कुलाचे नववीचे वर्ग त्याच्या स्वतःच्या आठवीतून भरलेले असतात, दहावीची परीक्षा दोन वर्षांवर आलेली असते, आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी जपणाऱ्या शाळा बाहेरून आलेल्या मुलाकडे थोड्या धास्तीनेच पाहतात, असे पालक सांगतात. दरम्यान, ज्यांच्या भरवशावर ही सगळी व्यवस्था उभी होती, त्या अनुदानित मराठी शाळांचाच पट आटत चालला आहे. दादर-गिरगावातील मराठी कुटुंबे उपनगरांत आणि त्यापलीकडे गेली आणि मागे राहिलेल्यांची मुले इंग्रजी माध्यमात गेली. त्यामुळे महापालिकेच्या मुलाला पुढे सामावून घेणारे हायस्कूलच काही ठिकाणी राहिलेले नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) खाली खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात, तो मार्ग तरी पुढे जातो का, असे कोणी विचारील. तोही आठवीलाच संपतो. या प्रवेशासाठी पालक किती आटापिटा करतात, हे मी जवळून पाहते. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागतो आणि घर भाड्याचे असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. ज्या वस्तीत घरमालक साध्या कागदावरही सही करायला तयार नसतो, तिथे नोंदणीकृत करार कुठून आणायचा, याचे उत्तर संकेतस्थळावर नसते. यातून निभावून मुलाचे नाव सोडतीत लागले, तर आठ वर्षे फी भरावी लागत नाही. नववीत मात्र त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते. सरकार शाळेला प्रतिपूर्ती म्हणून वर्षाला एका मुलामागे कमाल १७,६७० रुपये देते, तेही थकवून, अशी संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. आठवीनंतर ही प्रतिपूर्तीही नाही, तेव्हा सवलतीची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला नववीसाठी परवडणारी शाळा शोधणे हे महापालिकेच्या मुलाच्या शोधापेक्षाही अवघड असते.

९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना या संदर्भात आठवण्यासारखी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांची अट लागू नाही, असा बदल राज्य सरकारने नियमांत केला. मुंबईसारख्या दाट शहरात या एका वाक्याने जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. या सगळ्या गोंधळात त्या वर्षीच्या सोडतीचा निकाल २० जुलैला लागला, म्हणजे शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेवर पैसा का खर्चावा, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही, आणि माझ्या मते तो टिकू नये हेच योग्य होते. पण तो पालकांनाही पटला नाही, याचे कारण वेगळे आहे. शेजारची ती शाळा दहावीपर्यंत असती, तर निदान काही घरांत या युक्तिवादावर विचार झाला असता.

असा विचार होऊ शकतो, याचा पुरावा महापालिकेनेच दिलेला आहे. २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने सीबीएसईच्या, आणि पुढे आयबी व केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळांच्याही, शाळा तिने सुरू केल्या. प्रवेशासाठी जागांपेक्षा अर्ज कितीतरी अधिक आले आणि सोडत काढावी लागली. महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतील, असे दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर ऐकणारा हसला असता. या यशाचे श्रेय इंग्रजीला आणि मंडळाच्या नावाला दिले जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या शाळा शिशुवर्गापासून सुरू होतात आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवत दहावीपर्यंत नेण्याच्या हिशोबाने उभ्या केलेल्या आहेत. मूल एकदा दाखल केले की बारा वर्षांची काळजी मिटते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत महापालिका शाळा चालवते, ही तशी अभिमानाचीच बाब आहे. पण या माध्यमांतील बहुतेक शाळांना अशी सलग वाट दिलेली नाही, आणि मग पट घसरला की दोष भाषेच्या माथी मारला जातो.

पट घसरल्यावर पुढचे सगळे आपोआप घडते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मुले कमी झाली की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करताना, पदे कमी होतात, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात आणि त्यांचे समायोजन दुसरीकडे होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कडक केले, म्हणून शिक्षक संघटना त्याविरुद्ध उभ्या आहेत. गणिताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक गेला की राहिलेले पालकही दाखले काढू लागतात. उरलेले शिक्षक निवडणुकीच्या मतदारयादीच्या कामाला जुंपले जातात. कलम २७ ने निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्याची मुभा ठेवलेली असली, तरी त्यांतील 'निवडणूक' या एका शब्दात वर्षाचे बरेच दिवस मावतात.

अंतराचा प्रश्न मुंबईबाहेरच्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही. राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नववी-दहावीसाठी असे कोणतेही कायदेशीर अंतर नाही. २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवले होते, पण ते योजनेतले उद्दिष्ट होते, हक्क नव्हे. मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांतून पाच किलोमीटर म्हणजे हार्बर रेल्वेचे रूळ किंवा महामार्ग ओलांडणे, गच्च भरलेली बस पकडणे आणि संध्याकाळी अंधारात परतणे. मुलगा असेल तर घरचे एखाद वेळ जोखीम पत्करतात. मुलगी असेल तर 'बाहेरून दहावी देईल' असे म्हटले जाते, आणि तो अर्ज किती वेळा खरोखर भरला जातो, हे वस्तीत काम करणाऱ्यांना चांगले माहीत आहे.

२०२५ मध्ये शालेय शिक्षणावर महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले, तेवढे गेल्या कित्येक वर्षांत बोलले गेले नव्हते. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचे एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय लोकांच्या विरोधापुढे २९ जूनला मागे घ्यावे लागले. मी त्या विरोधाच्या बाजूचीच होते. पण पहिलीत किती भाषा असाव्यात यावर रस्त्यावर उतरलेल्या शहरात, मराठी शाळेतील मूल नववीत कुठे जाणार यावर एखादा साधा मोर्चाही निघू नये, याचे मला वाईट वाटले.

महापालिकेच्या शिक्षण विभागाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचा होता, तेव्हा पैशाच्या नावाने हात झटकता येणार नाहीत. ज्या इमारतीत आठवीपर्यंतची शाळा आहे आणि वरचा मजला रिकामा आहे, तिथे नववीचा वर्ग उघडण्यासाठी जागा विकत घ्यावी लागत नाही. विषयशिक्षक, प्रयोगशाळा आणि शासनाची मान्यता एवढेच लागते. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवक नव्हते आणि शिक्षण समितीही नव्हती. हा प्रश्न कोणापुढे मांडायचा हेच त्या काळात पालकांना कळत नव्हते. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर विचारण्यासाठी माणसे आहेत. त्याआधी विचारण्याची एक जागा शाळेतच आहे. कायद्याने प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. आमच्या वस्तीतील काही आयांनी या वर्षी समितीच्या बैठकीत त्या आराखड्यात नववीच्या वर्गाची मागणी लेखी नोंदवायचे ठरवले आहे, आणि त्या मागणीचा मसुदा लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.