'बरोबर'च्या चिन्हापाशी अडलेले चार दिवस

सभासदांची यादी एका कार्यालयाकडून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये येत असे. एका ओळीत एक सभासद, अर्धविरामाने तोडलेल्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीत 'बरोबर'च्या चिन्हाच्या (=) डावीकडे 'की' (key, म्हणजे माहितीचे नाव), उजवीकडे व्हॅल्यू (प्रत्यक्ष माहिती). पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ओळ फोडून डिक्शनरी (अशा जोड्यांचा संच) करायला मला अर्धा तासही लागला नाही. देवनागरी नावे वाटेत बिघडू नयेत म्हणून ती बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरे-अंकांच्या सांकेतिक रूपात, येत होती, आणि मी अडलो तो तिथेच.

चाचणीसाठी घेतलेली 'सुनीता', 'महादेव' अशी एकेरी नावे नीट उलगडली होती. खरी फाइल आली तेव्हा मात्र बहुतेक नावांवर 'इनकरेक्ट पॅडिंग' ही त्रुटी येऊ लागली. नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन शब्दांची नावे अडत आणि चार शब्दांची सुखरूप पार पडत, याचा मला काही केल्या उलगडा होईना. फाइलच खराब आहे असे समजून मी कार्यालयाला लिहिले. दोन दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले की फाइल बरोबर आहे. ती बरोबरच होती, पण व्हॅल्यूतही 'बरोबर'चे चिन्ह येऊ शकते एवढे एक वाक्य त्यांच्या माहितीपत्रकात असते तर माझे ते दिवस वाचले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते आणि मोकळी जागा एकच. बेस-६४ तीन बाइटांची चार अक्षरे करते व शेवटचा गट अपुरा राहिला तर 'बरोबर'ची एक किंवा दोन चिन्हे जोडते; हेच पॅडिंग. एका शब्दाच्या किंवा तीन मोकळ्या जागा असलेल्या नावात बाइटांची संख्या तिनाने भागली जाते. दोन मोकळ्या जागांच्या नावात ती जात नाही, म्हणून शेवटी एक चिन्ह येते. मी प्रत्येक जोडी 'बरोबर'च्या चिन्हापाशी स्प्लिट करून (तोडून) पहिले दोनच तुकडे घेत होतो, त्यामुळे ते चिन्ह कोणतीही सूचना न देता गळत होते.

स्प्लिटला १ ची मर्यादा द्यावी किंवा चिन्हाआधीचा भाग, चिन्ह आणि नंतरचा भाग असे तीन तुकडे देणारे पार्टिशन वापरावे. दोन्ही पहिल्याच चिन्हाशी थांबतात. मी पार्टिशन घेतले आणि सगळी यादी एका दमात उलगडली, तेव्हा फार हलके वाटले. चिन्हच नसेल तर पार्टिशन तक्रार न करता रिकामी व्हॅल्यू देते, म्हणून मधला तुकडा तपासावा. ओळीच्या शेवटी अर्धविराम असेल तर एक रिकामा तुकडा उरतो, तो आधीच वगळावा. आणि फाइलमधली पहिलीच की सापडत नसेल, तर फाइल 'यूटीएफ-८-सिग' म्हणून उघडून पाहावी. तिच्या आरंभी न दिसणारी खूण असू शकते.